अळीची राहिलेली ओळ

मास्तर, तुमच्याविषयी मी लिहावं हे बरोबर नाही. आधी त्याची माफी मागतो. तुमच्या बँडमध्ये तीस वर्षं ढोल वाजवणारे नामदेवभाऊ आहेत, तुमच्या घरी काकू आहेत, केदारखेड्यातली आणि आसपासची कितीतरी घरं आहेत, ज्यांच्या दारात तुम्ही क्लॅरिनेट वाजवली. त्यांच्यापुढे मी कोण? मी तुम्हाला ओळखत होतो ते जेमतेम दीड वर्ष. आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी कधी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मीच पहिला. वार्षिक अंकासाठी मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "तू त्यांच्याबरोबर काम केलंस, तूच लिही." मी हो म्हणालो आणि चार दिवस कोरा कागद समोर घेऊन बसलो. त्या कामाबद्दल लिहायचं तर मी तुमच्याशी एक खोटं बोललो ते सांगावं लागेल, आणि ते आधी तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते ताईच्या लग्नात. वडिलांनी हट्टाने तुमचा बँड सांगितला होता आणि नवरदेवाकडच्यांनी डीजेचा टेम्पो आणला होता. मिरवणूक मारुतीच्या देवळाकडून येऊन आमच्या दारापुढे थांबली. तुम्ही गाणं सुरू केलं आणि दोनच ओळींत मागून डीजे दणकायला लागला. पोरं नाचत पुढे सरकली, तुमची माणसंही ढोल-ट्रम्पेट घेऊन त्यांच्या मागे गेली. तुम्ही मात्र आमच्या दारातच उभे राहिलात. गाल फुगत होते, बोटं चालत होती, आणि तुमचा एकही सूर ऐकू येत नव्हता. मी तुमच्यापासून चार हातांवर होतो, तरी नाही. गाणं पुरं करून तुम्ही क्लॅरिनेटचं तोंड वर्दीच्या बाहीला पुसलंत आणि लाल वर्दी सावरत मिरवणुकीमागे पळालात.

जेवणं उरकल्यावर मी तुमच्याजवळ येऊन विचारलं, "मास्तर, कुणालाच ऐकू येत नव्हतं. मग कशाला वाजवत होता?"

"तुमच्या दाराला येत व्हतं ना," तुम्ही म्हणालात.

नामदेवभाऊ पत्रावळीवरून मान वर न करता म्हणाले, "आमच्या मास्तरला दारंच टाळ्या देतेत. माणसं कुठं देतेत."

मग तुम्ही मला तुमच्या बँडची रीत सांगितलीत. ज्या सुरावरून गाणं निघतं त्याला तुम्ही 'घर' म्हणत होता. "ज्याच्या दारात सुरू केलं, त्याच्याच दारात सूर घरी सोडायचा. अर्धं वाजवून निघालो तर त्या घराला वाटतं, आपल्याला उरलंसुरलं दिलं. बाकीच्यानं पुढं जावं. ज्यानं सुरू केलं त्यानं थांबावं."

मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी आहे, हे ऐकून तुम्ही हसलात. "म्हंजी डीजे दुरुस्त करणारा! आमच्या मुळावरच आला की तू."

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी मी तुमच्या ओट्यावर पवनला घेऊन आलो. पवन माझा वर्गमित्र. त्याचे पणजोबा राजस्थानातून जालन्याला आले, आणि आता एमआयडीसीत त्याच्या वडिलांची सळया ओढायची रोलिंग मिल आहे. आम्ही पाच-सहा जण मिळून कॉलेजांच्या स्पर्धेसाठी पिक्चर बनवत होतो. बियाण्याच्या एका प्रयोगशाळेतून बोंडअळी निसटते, वाढत वाढत साठ फुटांची होते आणि वाटेतली गावं, मिलमधलं लोखंड खात सुटते, अशी गोष्ट. पवन दिग्दर्शक आणि मी आवाज सांभाळणारा. पवनला इंटरनेटवरचं तयार संगीत लावायचं होतं. ते ऐकून मला वाटायचं, ही अळी आपल्या भागातली नाहीच. म्हणून तुमचं नाव मी काढलं. ही एकच गोष्ट मी नीट केली असं आजही वाटतं, आणि इथूनच सगळं बिघडलं असंही वाटतं.

पवनने लॅपटॉपवर तुम्हाला मुका पिक्चर दाखवला. कॉम्प्युटरवर बनवलेली अळी मिलचं छप्पर फाडून आत आली. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"ही तर आपली बोंडअळी," तुम्ही म्हणालात.

"मास्तरजी, साठ फुटांची आहे," पवन म्हणाला.

"मंग कापूस कितीक पुरंन तिला. लोखंडच खावं लागंन बिचारीला."

"हिला फवारा कोणता मारायचा?" नामदेवभाऊंनी विचारलं. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, "ही भुकेली हाय का चिडलेली?"

पवन म्हणाला, "मास्तरजी, मॉन्स्टर आहे तो. पब्लिक घाबरली पाहिजे, बस."

"तसं न्हाई. भुकेलं जनावर हळू येतं. चिडलेलं जल्दी येतं. ढोल कोणत्या चालीनं धरायचा, ते सांगा."

सहा महिने आम्ही त्या गोष्टीवर काम करत होतो. हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. पवनने माझ्याकडे पाहिलं, मी लॅपटॉपकडे. शेवटी तुम्हीच म्हणालात, "भुकेली हाय. डोळे बघा की तिचे."

मग तुम्हाला मिल पाहायची होती. पवनच्या वडिलांनी परवानगी दिली, वर बजावलं, "बघा, ऐका, पण माझ्या एका माणसाला कामावरून हलवू नका." तापून लाल झालेली लोखंडाची पट्टी रोलांमधून सरसर निघत होती. मी कानाला हेडफोन लावून आवाज टिपत होतो. तुम्ही एका खांबाला पाठ लावून डोळे मिटून उभे होता. बाहेर आल्यावर म्हणालात, "ही मोटार काळी दोनमध्ये गाती." मी घरी येऊन फोनवर सूर तपासला. बिलकुल काळी दोन होती. मग आख्ख्या पिक्चरचं संगीत तुम्ही त्याच पट्टीत बांधलंत, म्हणजे मिलची घरघर मागे चालू राहिली तरी ती बँडच्याच साथीला असेल.

अळी येते तेव्हाचं तर मी अजून डोळे मिटून ऐकू शकतो. तोंडाशी धरायचा तो मोठा पितळी भोंगा दोनच सूर लांबवतो. नामदेवभाऊ ओल्या अंगठ्याने ढोलाचं कातडं घासतात, आणि ते कातडं कण्हतं. ट्रम्पेटवाल्या दोघांना तुम्ही सांगितलं होतं, "फुंका, पर वाजवू नका." त्यांची नुसती हवा ऐकू येते. कॉलेजच्या सभागृहात तो आवाज आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोरींनी पाय वर घेतले होते. हे तुम्हाला सांगायला मी दुसऱ्या दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही. का नाही केला, तेच आता लिहायचं आहे.

आपलं भांडण झालं ते अळीच्या मरणावरून. शेवटी हीरो तापलेल्या सळईने तिला मिलच्या पाण्याच्या टाकीत ढकलतो. वाफ निघते, ती बुडते, आणि पिक्चर संपतो. आम्हाला तिथे सगळा बँड हवा होता. तुम्ही म्हणालात, एकटी क्लॅरिनेट. ढोल नाही, झांज नाही.

"मास्तर, ती राक्षस आहे," मी म्हणालो. "मेली की संपलं. लोकांना टाळ्या वाजवायच्या असतात तिथे."

"टाळ्या मंग वाजवा म्हणावं. आधी तिचं पुरं व्हऊ द्या."

"तिचं कसलं पुरं? गावंच्या गावं खाल्ली तिने."

"खाल्ली. भूक लागली व्हती. तिला कोणी इचारून मोठी केली का?" तुम्हाला धाप लागली होती, तरी थांबला नाहीत. "दत्तू, जित्याचं राह्यलं तर उद्या वाजवता येतं. मेलेल्याचं त्याच दिवशी पुरं करावं लागतं. त्याला पुन्ना कुठून बोलवायचा?"

मला ते पटलं नव्हतं. मनात आलं, म्हाताऱ्या माणसाला पिक्चर कळत नाही. हे मी कुणाजवळ बोललो नाही, पण आलं होतं. तेही आज सांगतो.

रेकॉर्डिंग तुमच्याच घरात झालं. गोधड्या दारा-खिडक्यांना लावल्या, काकूंनी कोंबड्या शेजारी नेऊन ठेवल्या. तुमचा दमा तेव्हाच वाढला होता आणि डॉक्टरांनी फुंकायचं बंद करायला सांगितलं होतं, हे मला माहीत नव्हतं. काकूंच्या तोंडावरून काहीतरी कळायला हवं होतं. अळीच्या मरणाची धून चार ओळींची होती. पहिल्या तीन ओळी एकेक पायरी वर जायच्या आणि चौथी खाली उतरून घरी यायची. एकेका ओळीला बारा सेकंद. तुम्ही एका दमात एक ओळ घेतलीत. चौथ्या ओळीच्या आधी इतका वेळ थांबलात की मला वाटलं, आता होणार नाही. मग ती आली. शेवटचा सूर थरथरत होता, पण घरी पोचला. तुम्ही क्लॅरिनेट खाली ठेवलीत आणि बराच वेळ नुसता श्वास घेत बसलात.

मग नेहमीसारखी ती खोललीत. पाच तुकडे, पाच फडकी. प्रत्येक वेळी वाजवून झालं की तुम्ही तसंच करायचात. मी एकदा म्हणालो होतो, संध्याकाळी पुन्हा वाजवायची तर जोडलेलीच राहू द्या. तेव्हा म्हणाला होतात, "काम झालं की खोलायची. जोडून ठिवली तर सांधे धरतेत, मंग निघत न्हाईत."

स्पर्धेला चार दिवस उरले होते. पवनच्या घरी आम्ही चित्र आणि आवाज जुळवत होतो. अळी बुडण्याचं दृश्य छत्तीस सेकंदांचं होतं आणि तुमची धून, मधले थांबे काढूनही, अठ्ठेचाळीस.

"यार, बारा सेकंद काळ्या पडद्यावर काय दाखवू?" पवन म्हणाला. "पब्लिक उठून जाईल. तीन ओळी बराबर बसतात, बघ. कट कर."

"चौथी ओळ तोडली तर सूर घरी येत नाही," मी म्हणालो.

"कुणाला कळणार आहे?"

मास्तर, मला कळणार होतं. आमच्या दारात तुम्ही उभे होता तेव्हा मी चार हातांवर होतो. तरीही कट मीच केला. बटण माझ्याच बोटाखाली होतं, पवनच्या नाही. तिसरी ओळ वर जाऊन थांबली की लगेच ढोलांचा दणका लावला. ऐकताना आम्हा दोघांनाही जोरदार वाटलं. खरं सांगायचं तर अजूनही त्या जागी टाळ्या पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला. पिक्चर कसा झाला, हे विचारलं नाहीत. एवढंच विचारलंत, "अळीला घरी सोडलं ना?"

"हो मास्तर," मी म्हणालो. "बराबर सोडलं."

"मंग झालं," म्हणून तुम्ही फोन ठेवलात.

स्पर्धेत आम्हाला संगीताचं बक्षीस मिळालं. अर्जात संगीताच्या रकान्यात माझं नाव होतं, कारण अर्ज विद्यार्थ्याचाच लागत होता. पडद्यावर तुमचं आणि बँडचं नाव आहे, पण प्रमाणपत्रावर मी आहे. परीक्षक मला म्हणाले, "शेवटी ती धून अर्धवट तोडलीत, ती फार धाडसी कल्पना आहे." मी मान डोलावली. ते प्रमाणपत्र जालन्यातल्या खोलीवरच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलं आहे. घरी दाखवलं नाही. वडील विचारतात, आणायचं विसरलो म्हणतो.

त्यानंतर मी तुमच्याकडे आलो नाही. जालन्याहून भोकरदनची गाडी धरली की तुमच्या थांब्यावरूनच पुढे आमच्या गावी जातो. गणपतीत गेलो, तेव्हा दुसऱ्या बाजूची खिडकी धरून बसलो. दसऱ्याला गेलो, तेव्हाही. म्हटलं, आधी पवनच्या मागे लागून ती ओळ परत जोडतो, मग जाऊन सांगतो. पवन हो हो म्हणत राहिला. पिक्चर इंटरनेटवर टाकला तोही तसाच, तोडलेला. मग प्रॅक्टिकल आली, मग सबमिशन. ही सगळी कारणं खरी आहेत. एका रविवारी येऊन दहा मिनिटांत सांगण्यासारखी गोष्ट होती, हेही खरं आहे.

तुम्ही गेल्याचा फोन नामदेवभाऊंनी केला, तेव्हा मी खोलीवर होतो. दुपार होती. गाडी धरली असती तर पोचलो असतो. मी आलो नाही. पवन गाडी काढायला तयार होता. त्याला सांगितलं, उद्या प्रॅक्टिकलची वही तपासून घ्यायची आहे. वही तपासून घ्यायची नव्हती. तुमच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती, एवढंच.

दहाव्याला आलो. मोबाइलमध्ये तुमची पूर्ण अठ्ठेचाळीस सेकंदं घेऊन आलो होतो. वाटलं होतं, काकूंजवळ तरी सांगेन. काकूंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "आला का रे दत्तू. बस." त्यात राग नव्हता. त्यामुळेच मोबाइल खिशातच राहिला. माणसं येत-जात होती. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि समोरच्या कोनाड्यात तुमची क्लॅरिनेट होती. उभी, जोडलेली. पाचही फडकी घडी करून शेजारी ठेवलेली. मला वाटलं, गडबडीत कुणीतरी पोराने हाताळली असेल आणि तशीच ठेवली असेल. तुमच्या सवयी आता कोण पाळणार, असं वाटून फार वाईट वाटलं. निघताना मी काकूंना म्हणालो, "काकू, ती खोलून ठेवू का? सांधे धरतील."

"धरलेत कवाच," काकू म्हणाल्या. "मी ओढून पाह्यली. निघत न्हाई."

नामदेवभाऊ थांब्यापर्यंत सोडायला आले. थांब्यावर आम्ही दोघंच होतो. मी मोबाइल काढला आणि म्हणालो, "भाऊ, मला एक सांगायचंय. त्या पिक्चरमध्ये..."

"आमी पाह्यला त्यो पिक्चर," ते म्हणाले. "मास्तरनं बी पाह्यला."

मी मोबाइल परत खिशात घातला.

"दिवाळीच्या आधी. माह्या पोरीच्या मोबाइलात आल्ता. ओट्यावर बसून सगळा पाह्यला, हसले बी मधी मधी. अळी बुडली तवा मोबाइल कानाला लावला. मंग म्हणले, पुन्ना लाव. तीनदा लावला."

"मग काय म्हणाले?"

"काय न्हाई. आत गेले, क्लारनेट आणली, जोडली, मांडीवर घेऊन बसले. आमाला वाटलं, आता राह्यलेली वळ वाजवतेत. वैनी बी म्हणल्या, तेवढी वाजवून टाका, जीव थंड व्हईन. तर म्हणले, मी न्हाई तोडली. ज्यानं तोडली त्यो येईन सांगायला. त्याला म्होरं बसवून पुरी करू."

रस्त्यावर गाडी दिसायला लागली होती. मी विचारलं, "भाऊ, मग मला फोन का नाही केलात?"

"करून राह्यलो व्हतो. माह्या हातातून मोबाइल काढून घेतला. म्हणले, बोलवून आणलेल्यानं सांगितलं तर ते काय सांगणं झालं व्हय." नामदेवभाऊंनी गाडीला हात केला. "त्या दिसापासून क्लारनेट खोललीच न्हाई त्यायनं. शेवटी शेवटी तर बसवत बी नव्हतं. वैनी रोज इचारायच्या, आता खोलून बांधून ठिवू का. रोज एकच म्हणायचे. ऱ्हाऊ दे जोडलेली, दत्तू येऊन राह्यला."